भाऊजी कॉम्प्युटर निवडतात

माझ्या ताईचा नवरा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. तपासतात, असं म्हणायला हवं, कारण ते माझे भाऊजी आहेत. पण पुढे मी जे सांगणार आहे त्यात मानाचा भाग जरा कमीच आहे. दुकानाच्या मागे पडदा लावलेली एक अंधारी खोली आहे. तिथे उंच खुर्चीवर गिऱ्हाइकाला बसवून, त्याच्या नाकावर ती जड गोल फ्रेम चढवून, भाऊजी एकामागून एक काचा सरकवतात आणि विचारतात, "आता बरं दिसतंय, की आधीचं बरं होतं?" गिऱ्हाईक म्हणतं, आधीचं. भाऊजी काच बदलतात. "आता की आधीचं?" असं करत करत शेवटी गिऱ्हाईकच आपला नंबर ठरवतं. पुढे ते तक्रार घेऊन आलं, की डोकं दुखतंय, पायऱ्या खोल दिसतात, तर भाऊजी शांतपणे म्हणतात, "तुम्हीच म्हणालात ना, हे बरं दिसतंय?"

हीच पद्धत त्यांनी घरी आणली. पंखा घ्यायचा होता तेव्हा आमच्या सगळ्या घराला दुकानात उभं करून त्यांनी एकेक पंखा चालू करायला लावला. हा की तो? तो की पलीकडचा? आई कंटाळून म्हणाली, तो तपकिरी घ्या. त्या पंख्याखाली बसलं की टीव्हीचा आवाज ऐकू येत नाही. कुणी कुरकुर केली की भाऊजी म्हणतात, "आईंनी निवडलाय." लग्नाबद्दलही त्यांचं हेच म्हणणं आहे. ताई त्यांच्याकडे चष्मा करायला गेली होती, फ्रेम निवडता निवडता बऱ्याच फेऱ्या झाल्या आणि शेवटी फ्रेम राहिली बाजूला. आता भांडण झालं की भाऊजी हात झटकून मोकळे. "मी काय, समोर उभा होतो. निवडलं तू."

मी विमा विकतो. लोकांनी पटकन निवडावं यावर माझं घर चालतं. समोरचा माणूस "विचार करून सांगतो" म्हणाला की मी लगेच बॅगेतून फॉर्म काढतो. त्यामुळे भाऊजींचं आणि माझं जमणं कठीणच होतं. मी त्यांना तोंडावर भाऊजी म्हणतो आणि पाठीमागे "आधीचंबरं".

तर या माणसाने ठरवलं, की घरी नवा कॉम्प्युटर घ्यायचा. तयार नाही, एकेक भाग निवडून जोडलेला. दिवसा त्यावर ताईचं काम चालेल आणि संध्याकाळी भाऊजींचा ट्रक.

ट्रकचं सांगायला हवं. भाऊजींना कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा नाद आहे. खेळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मारामारी, बंदुका येतात. भाऊजी सिमेंटची पोती भरून रिकाम्या रस्त्याने जातात, लाल सिग्नलला थांबतात, पेट्रोलपंपावर गाडी आडवी न लावता सरळ लावतात आणि माल पोचवून परत येतात. खऱ्या आयुष्यात त्यांची स्कूटर सायकलींना वाट करून देते. त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर तो ट्रक चढ आला की असा अडकायचा, की भाऊजी मागे टेकून "अगं, मी जरा पाणी पिऊन येतो" म्हणायचे आणि पिऊन यायचे.

ताईचं काम मात्र खेळ नव्हतं. ती इमारतींची चित्रं करते. म्हणजे जी इमारत अजून बांधलेलीच नाही तिच्या आतून पडद्यावर माणसाला फिरवून आणते. हे दार, हा जिना, इथून ऊन येईल. आधी ती टाइल्सच्या एका शोरूममध्ये होती. दिवसभर उभं राहायचं, लोकांना बाथरूमच्या फरश्या दाखवायच्या, आणि मालक खुर्ची देत नसे कारण बसलेली बाई आळशी दिसते म्हणे. तिथे तिच्या कमरेची वाट लागली. मग ती हे काम शिकली, नोकरी सोडली आणि एका आर्किटेक्ट बाईंच्या ऑफिससाठी घरून तुकड्यातुकड्याने कामं करू लागली.

एके दिवशी त्या बाईंनी तिला विचारलं, की आमचा माणूस सोडून चाललाय, त्याचं कायमचं काम तू घेशील का? पण गिऱ्हाइकासमोर, कॉलवर, थेट फिरवून दाखवावं लागेल. थांबत, अडखळत चालणार नाही. पुढच्या महिन्यात दवाखान्याची एक इमारत आहे, ती दाखव, मग ठरवू. ताई हो म्हणाली. त्याच आठवड्यात शोरूमच्या मालकाचाही फोन आला, की जागा रिकामी आहे, येतेस का. म्हणजे एकीकडे तिला हवं ते काम आणि दुसरीकडे पुन्हा त्या फरश्या, असा पेच होता, आणि मध्ये होता त्यांचा जुना कॉम्प्युटर, ज्याच्यावर ताईने दवाखान्याचं दार उघडलं की आपण तेवढ्यात भाजी चिरून घ्यावी.

भाऊजी म्हणाले, "काळजी करू नकोस. माझा अभ्यास चालू आहे."

तो अभ्यास तेव्हा वर्षभर चालू होता. कुठल्या कुठल्या देशांतली पोरं आपापल्या खोल्यांतून खोकी फोडत बोलतात, ते सगळं भाऊजी जेवताना बघायचे. प्रोसेसर हा की तो? मग त्याला चालेल असा मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड, हा की तो? तो ठरला की रॅम. रॅम ठरली की कळायचं, नवा प्रोसेसर येतोय आणि त्याला आधीचा मदरबोर्ड चालत नाही. की पुन्हा पहिल्यापासून. मी माझ्या गिऱ्हाइकाकडे बसलेलो असायचो आणि फोन यायचा. "काय हो मेहुणे, कॉम्प्युटरची पेटी काचेची बरी की जाळीची?" मी म्हणायचो, काचेची. "पण काचेची गरम होते म्हणतात." मग जाळीची. "जाळीत धूळ जाते." मग गोणपाटात ठेवा भाऊजी. यावर ते नाराज व्हायचे, कारण गोणपाट त्यांच्या दोन पर्यायांत नव्हता.

कॉम्प्युटरच्या दुकानदाराच्या तर त्यांनी नाकी नऊ आणले. भाऊजी लांबून दिसले की तो काउंटरखाली काहीतरी शोधायला वाकायचा. मी एकदा बरोबर गेलो होतो. भाऊजींनी दोन ग्राफिक्स कार्डांची खोकी समोर ठेवून घेतली. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावर चित्र उभं करणारा भाग. ताईच्या दवाखान्यालाही तोच लागतो आणि भाऊजींच्या ट्रकलाही. दुकानदार खोकं हातभर लांब धरून मागची अक्षरं वाचायला लागला. भाऊजींनी खोक्याकडे बघणं सोडलं आणि त्याच्याकडे बघू लागले. "तुम्हाला जवळचा नंबर लागलाय," ते म्हणाले. पंधरा मिनिटांनी आम्ही बाहेर पडलो. कार्ड घेतलं नव्हतं. दुकानदाराने मात्र चष्मा करायचं कबूल केलं होतं.

दवाखाना दाखवायचा तो महिना निम्मा संपला तरी घरात एक स्क्रूसुद्धा आला नव्हता. त्या आठवड्यात एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. भाऊजींनी फोन ताईपुढे धरला. "अगं, हे बघ. पॉवर सप्लाय. हा बरा की हा?"

ताईने फोनकडे बघितलं नाही. ताट बाजूला सारलं. तिचा आवाज चढला नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली.

"मला विचारायचं नाही," ती म्हणाली. "याला विचारायचं नाही. दुकानदाराला विचारायचं नाही. पुढच्या शुक्रवारी मला तो दवाखाना दाखवायचाय. नाही दाखवता आला तर सोमवारपासून मी फरश्या दाखवायला जाईन. तुम्ही निवडा. चांगलं निघालं तर तुमच्यामुळे, आणि फसलं तर तेही तुमच्यामुळे. कोणावर खापर फोडायला मिळणार नाही."

भाऊजींनी फोन उलटा ठेवला. मला वाटलं, झालं, आता हे पुढचं वर्षभर असेच बसणार. मी भात संपवला आणि सटकलो.

पण दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातून अर्धी सुट्टी घेतली आणि एकटेच गेले. दुकानदाराने मला नंतर सांगितलं, की ते आत आले, त्याला काहीही न विचारता एकेक नाव घेत गेले आणि तो खोकी काढत गेला. मध्ये फक्त एकदा अडले. काचेची, आत रंगीत दिवे लागणारी एक पेटी आणि ट्रक चालवायचं एक खरंखुरं स्टीअरिंग व्हील यांच्यापुढे ते बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "ही नको, व्हीलही नको. साधी काळी जाळीची द्या. आणि वाचलेल्या पैशांत कार्ड एक पायरी वरचं द्या." प्रोसेसर त्यांनी असा घेतला, की ज्याच्या पोटातच थोडंफार चित्र काढायची सोय असते. म्हणजे मोठं कार्ड कधी बिघडलंच तरी पडदा अगदीच काळा पडणार नाही. हा शहाणपणा पुढे भोवायचा होता, पण तेव्हा तो शहाणपणाच होता.

जोडाजोडी जेवणाच्या टेबलावर झाली. मी बघायला म्हणून गेलो, खरं म्हणजे हसायला गेलो होतो. भाऊजींनी दुकानातले आपले स्क्रूड्रायव्हर आणले होते, चष्म्याच्या दांडीचे स्क्रू पिळायचे ते. ते बहुतेक ठिकाणी उपयोगाचे नव्हते. कॉम्प्युटरच्या स्क्रूंपुढे ते बारीक दिसत होते आणि शेवटी शेजाऱ्यांकडून मोठा मागून आणावा लागला. मात्र माहिती साठवायची ती च्युइंगगमच्या पट्टीएवढी चीप बसवताना एक इतका चिमुकला स्क्रू निघाला, की माझ्या बोटांतून दोनदा पडला. भाऊजींनी तो उचलला आणि एका दमात बसवला. प्रत्येक भाग ते चष्म्याच्या कापडाने पुसत होते. मी म्हटलं, "भाऊजी, आता की आधीचं?" त्यांनी पुढचा स्क्रू उचलला. कपाळावर घाम होता. हा माणूस खरोखर घाबरलाय, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि मी पुढे चिडवलं नाही.

शेवटी पडद्याची केबल लावायची वेळ आली. पेटीच्या मागे तिच्यासाठी दोन जागा होत्या, दिसायला हुबेहूब सारख्या. एक वर, मदरबोर्डवर. दुसरी खाली, नव्या कार्डावर. भाऊजींनी केबल खाली लावली आणि मला म्हणाले, "वर लावली तर चित्र येतं, पण प्रोसेसर बिचारा एकटाच मरतो. कार्ड नुसतं बसून राहतं." मी मान डोलावली. मला त्यातलं एवढंच समजलं की खाली लावायची.

बटण दाबलं. चालू झाला. ताईने दवाखाना उघडला आणि दारातून आत गेली, जिना चढली, वरच्या वॉर्डात फिरली, खिडकीपाशी थांबून मागे वळली. कुठेही अडलं नाही. ती पुन्हा खाली आली, पुन्हा वर गेली, कारण नसताना. भाऊजी तिच्या खुर्चीमागे उभे होते. ताई म्हणाली, "छान निवडलंत हो." त्यांनी नेहमीसारखं काहीतरी पुटपुटायला तोंड उघडलं आणि मिटलं. पुढचे चार दिवस मशीन असंच चाललं. ट्रकचा एक माल भाऊजींनी पोचवला, तोसुद्धा ताई आंघोळीला गेली होती तेवढ्यात.

शुक्रवार आला. कॉल दुपारचा होता. मी ताईच्या मदतीला गेलो होतो, कारण भाऊजी दुकानातून ऐनवेळी येणार होते. ताईने कॅमेरा लावून बघितला आणि कपाळाला हात लावला. तिच्या पाठीमागे कपड्यांचा स्टँड आणि त्यावर भाऊजींचे बनियन दिसत होते. स्टँड हलवायला दुसरीकडे जागा नव्हती. मग टेबलच दुसऱ्या भिंतीला न्यायचं ठरलं. मी टेबल धरलं, ताईने मागच्या सगळ्या केबल उपटल्या, टेबल सरकवलं, आणि ती पुन्हा खाली वाकून एकेक केबल लावत गेली. माझी पाठ अवघडली होती. तिने पडद्याची केबल वर लावली तेव्हा मी बघत होतो. बघत होतो म्हणजे डोळे तिकडे होते. डोक्यात काही शिरलं नाही. पडदा लागला, चित्र आलं, आम्ही दोघं खूश.

कॉल लागला तेव्हाच भाऊजी घाईघाईने आले. आल्या आल्या ते टेबलामागे डोकावले, पण ताईने हाताने बाजूला व्हा म्हणून खुणावलं, तसे पलंगाच्या कडेला, कॅमेऱ्यात न येता बसले. पडद्यावर आर्किटेक्ट बाई होत्या आणि ज्यांचा दवाखाना, ते डॉक्टर.

ताईने दार उघडलं. दार अर्धं उघडलं आणि थांबलं. मग झटक्यात पूर्ण उघडलं. जिन्यावर ती चढली ती चार-चार पायऱ्या गाळत. वॉर्डात वळताना भिंतीचा तुकडा मागे राहिला आणि उशिराने येऊन चिकटला. डॉक्टर म्हणाले, "हे असंच दिसतं का?" बाईंनी चष्मा काढून ठेवला. ताईचे कान लाल झाले. तिने मान वळवली आणि भाऊजींना म्हणाली, हळू म्हणाली पण माईक चालू होता, "सांगितलं होतं ना तुम्हाला, नीट निवडा."

भाऊजी उठले आणि टेबलामागे गेले. मी तिथेच भिंतीला टेकून उभा होतो. त्यांनी वाकून बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला: वरची जागा, ताईचा हात, सगळं. माझं तोंड बहुतेक उघडं राहिलं असणार, कारण त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

आयुष्यभर "तुम्हीच म्हणालात" म्हणून सुटलेला माणूस. पंखा आईचा, नंबर गिऱ्हाइकाचा, लग्न ताईचं. आणि आज पहिल्यांदा खरंच चूक दुसऱ्याची होती, साक्षीला मी उभा होतो, नुसतं बोट दाखवायचं होतं. मी वाट बघत होतो.

भाऊजी टेबलामागून पुढे आले आणि कॅमेऱ्यासमोर उभे राहिले, केस विस्कटलेले, शर्टावर धूळ. "नमस्कार," ते म्हणाले. "हे मशीन मी जोडलंय. माझी एक केबल चुकीच्या ठिकाणी लागली होती. त्यांच्या कामात काही दोष नाही. पाच मिनिटं द्या."

डॉक्टर हसले. बाई म्हणाल्या, "घ्या ना." भाऊजींनी मशीन बंद केलं, केबल खाली लावली, पुन्हा चालू केलं, तुटलेला कॉल जोडून दिला आणि पलंगावर जाऊन बसले. ताईने दवाखाना दाखवला. यावेळी तो तसा दिसला जसा ती रोज एकटी त्यात फिरत होती. डॉक्टरांनी वॉर्डाची एक खिडकी मोठी करायला सांगितली, आणि खिडकी मोठी करायला सांगणारा माणूस इमारत घेणारच असतो, असं बाईंनी नंतर ताईला फोनवर सांगितलं. काम ताईला मिळालं. शोरूमच्या मालकाला तिने स्वतः फोन करून नाही म्हटलं, आणि तो फोन तिने खुर्चीवर बसून केला.

त्यानंतर ती केबलची गोष्ट ताईची आवडती झाली. जो भेटेल त्याला सांगायची. "एक वर्ष अभ्यास केला, एक वर्ष. आणि ऐनवेळी केबल कुठे लावावी? वर." भाऊजी शेजारी बसून हसायचे. माझी जीभ शिवशिवायची. एकदा मी त्यांना दुकानात गाठून विचारलंच, "का नाही सांगितलंत तेव्हा?"

"सांगितलं असतं तर ती गांगरून गेली असती," ते काचा पुसत म्हणाले. "पुढचं तिलाच दाखवायचं होतं."

"बरं. पण आता सांगायला काय हरकत आहे?"

"आता कशाला? किती छान सांगते ती ती गोष्ट."

मनातून मला त्यांचा फार अभिमान वाटला आणि त्याचा रागही आला, कारण चिडवायला एवढी आयती वस्तू हाताशी असून ती वापरायची सोय राहिली नव्हती.

परवा मावशी आली होती. जेवणं झाल्यावर ताईने पुन्हा गोष्ट रंगवायला घेतली. डॉक्टर, जिना, तुटका वॉर्ड, आणि भाऊजींचे विस्कटलेले केस. सगळे हसले. मावशी मात्र सुपारी कातरता कातरता थांबली.

"पण काय गं," ती म्हणाली, "आधी चार दिवस नीट चालत होतं म्हणालीस ना? मग त्याच दिवशी केबल चुकीची कशी लागली?"

ताई बोलायला गेली आणि थांबली. तिच्या कपाळावर आठी आली. "हो गं. त्या दिवशी सकाळी तर..." ती माझ्याकडे वळली. "तू होतास ना? आपण टेबल हलवलं तेव्हा केबल कोणी लावली रे?"

भाऊजी पाण्याचा पेला हातात धरून बसले होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, पेल्यात बघत होते.

"भाऊजींनीच," मी म्हणालो. "तू नीट लावली होतीस. ते आल्या आल्या मागे डोकावले ना, तेव्हा उगाच काढून वर लावली. मी बघितलं."

"बघ," ताई मावशीला म्हणाली, आणि गोष्ट जिथे सोडली होती तिथून पुढे सांगायला लागली.